चडती काय देंवती?

गणित साधं होतं. एक माणूस ताशी ५ किलोमीटर वेगाने चालतो, तर १५ किलोमीटर जायला त्याला किती वेळ लागेल? फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून मी खडू ठेवला आणि मुलांकडे वळले. चौथीत तीन मुलं, तिसरीत दोन, दुसरीत चार, पहिलीत एक. चारही वर्ग एकाच खोलीत आणि बाई मी एकटी. चौथीतल्या एकाने पाटीवर काहीच लिहिलं नाही. हात वर करून त्याने विचारलं, "बाई, चडती काय देंवती?"

वाट चढणीची की उताराची, हे त्याला आधी कळायला हवं होतं. मी म्हटलं, "सपाट धर." तो विचारात पडला. सपाट पंधरा किलोमीटर त्याने जन्मात पाहिले नव्हते. मग त्याने मुकाट्याने ३ लिहिले, मी बरोबरची खूण केली आणि आम्ही पुढच्या गणिताकडे गेलो.

ही २००१ सालची गोष्ट. मी चोवीस वर्षांची होते. गोव्याच्या सत्तरी तालुक्यात, सह्याद्रीच्या पायथ्याला चिकटलेल्या एका गावात सरकारी मराठी प्राथमिक शाळेवर माझी नेमणूक झाली होती. गावाचं नाव लिहीत नाही. घरं मोजकी आहेत, कुणाचं अंगण कुणाचं हे लगेच ओळखू येईल. नेमणूक झाली तेव्हा भेटेल तो एकच शब्द म्हणायचा, "दुर्गम!" वाळपईहून बस ठाण्यापर्यंत जायची, म्हणजे आमच्या सत्तरीतल्या ठाण्यापर्यंत. तिथून पाच किलोमीटर पायी. वाटेत एकच व्हाळ दोनदा ओलांडावा लागे. पावसाळ्यात तो फुगला की अलीकडच्या काठावर उभी राहून मी पलीकडे उभ्या असलेल्या मुलांना हातवारे करून सांगायची, आज सुट्टी. ती हिरमुसायची. शाळा चुकली म्हणून हिरमुसणारी मुलं मी नंतर फारशी पाहिली नाहीत.

तीन वर्षं मी ती वाट चालले. शेवटच्या वर्षी माझी मुलगी आठ महिन्यांची होती, तिला आईकडे ठेवून यायची. दुपारी शाळा सुटली की उतरताना पान्हा दाटून यायचा, पदर ओला व्हायचा, आणि मी जवळजवळ धावतच बस गाठायची. माझ्या आयुष्यातलं पहिलं धावणं ते. तेव्हा मी त्याला धावणं म्हणत नव्हते.

पुढे बदली झाली. शाळा वाळपईजवळ आली, स्कूटर आली, आणि पाय चालणं विसरले. चाळिशीला पुन्हा धावायला लागले ते गुडघे आणि रक्तदाब यांच्या धाकाने. आधी मैदानाला फेऱ्या, मग पहाटेचा रस्ता, मग दहा किलोमीटर, मग अर्धमॅरेथॉन, मग एकदा पूर्ण. मॅरेथॉन ४२.१९५ किलोमीटरची असते. त्यापुढे जे काही धावायचं, त्या सगळ्याला अल्ट्रा म्हणतात. पन्नास किलोमीटर, शंभर किलोमीटर, शंभर मैल. कुणी डांबरी रस्त्यावर धावतो, कुणी डोंगरात. मला डोंगराचीच ओढ होती, कारण डांबरावर मन रमत नाही.

त्या ओढीला तोंड फुटलं ते एका बाईच्या बातमीने. जॅस्मिन पॅरिस ही ब्रिटनमधली पशुवैद्य. २०१९ च्या जानेवारीत इंग्लंडच्या पेनाइन डोंगररांगेतली २६८ मैलांची शर्यत तिने ८३ तास १२ मिनिटांत पूर्ण केली. सगळ्यांत पहिली आली, पुरुषांच्याही पुढे. तिचं बाळ तेव्हा अंगावर पीत होतं. वाटेतल्या थांब्यांवर ती दूध काढून ठेवत होती. हे वाचून मी मोबाइल खाली ठेवला आणि बराच वेळ खिडकीशी बसले. थंडीच्या प्रदेशातली ती बाई आणि ओल्या पदराने व्हाळ ओलांडणारी मी यांच्यात तुलना करण्यासारखं काही नाही. पण छातीतला तो दाब मला ठाऊक होता. पुढे २०२४ च्या मार्चमध्ये तिने अमेरिकेतल्या टेनेसी राज्यातली बार्कली मॅरेथॉन्स पूर्ण केली. खुणा नसलेल्या जंगलातल्या पाच फेऱ्या, मुदत ६० तास. मुदत संपायला ९९ सेकंद उरले असताना ती पोचली. ती शर्यत पूर्ण करणारी ती पहिली स्त्री.

त्याच सुमारास अल्ट्राबद्दल मिळेल ते वाचताना नेस्मिथचा नियम हाती लागला. विल्यम नेस्मिथ हा स्कॉटलंडचा गिर्यारोहक. डोंगरात किती वेळ लागेल याचा ठोकताळा त्याने १८९२ साली मांडला. दर ३ मैलांना एक तास, आणि त्यावर दर २,००० फूट चढाला आणखी एक तास. म्हणजे ढोबळमानाने ५ किलोमीटरला एक तास आणि ६०० मीटर चढाला वेगळा एक तास. वाचताना हाताला खडूचा वास आला. त्या पोराने नेमकं हेच विचारलं होतं! चडती असेल तर उत्तर वेगळं. मी त्याला सपाट धरायला लावलं आणि पाटीवर बरोबरची खूण केली. नेस्मिथनेही त्याच्या अर्ध्याच प्रश्नाचं उत्तर दिलं होतं, देंवती त्याने हिशोबात धरलीच नव्हती. ती पुढे एरिक लँगम्युर याने धरली. सौम्य उतार असेल तर दर ३०० मीटरला दहा मिनिटं वजा, आणि तीव्र उतार असेल तर उलट दहा मिनिटं मिळवायची. उतारावरही वेळ वाढतो हे शहाण्यासुरत्या माणसांनाही उशिरा सुचलं.

तेव्हाच ठरवलं की आपली अल्ट्रा कुठे परमुलखात करायची नाही. वाळपईहून निघायचं, ठाण्यावरून केरीला, केरीहून चोर्ला घाट चढून सुर्ल्याला, आणि सुर्ल्याच्या सड्यावरून, म्हणजे माथ्यावरच्या कातळी पठारावरून, जुन्या पायवाटेने माझ्या त्या गावात उतरून पुन्हा वाळपई. सगळं मिळून साठेक किलोमीटर आणि दीड हजार मीटरच्या आसपास चढ. गावातल्या बायका सांगायच्या, पूर्वी सुर्ल्याची माणसं याच वाटेने खाली उतरत. वरून नाचणी आणि वरी डोक्यावर, परतताना मीठ, सुकी मासळी, रॉकेल. तीन वर्षं त्या वाटेच्या पायथ्याशी शिकवून मी ती एकदाही चढले नव्हते, हे मला फार लागून राहिलं होतं.

तयारीला सात महिने दिले. डोंगराच्या धावण्यात मांड्यांचा खरा कस उतरताना लागतो. चढताना स्नायू आखडून जोर लावतो, उतरताना तो ताणला जात असतानाच भार धरून ठेवतो, आणि त्यातच त्याचे तंतू फाटतात. म्हणून शनिवारी लांब धावायचं आणि रविवारी दुखऱ्या पायांनी पुन्हा निघायचं. पण आमच्याकडे मुख्य शत्रू डोंगर नाही, दमट हवा आहे. घाम येतो, पण वाळत नाही. घाम वाळतो तेव्हाच अंग निवतं. तो नुसता ओघळत राहिला तर पाणीही जातं, मीठही जातं आणि अंग तापलेलं ते तापलेलंच राहतं.

मे महिन्यात मी याच गोष्टीला फसले. अठ्ठावीस किलोमीटरच्या सरावात तहान लागो न लागो, पाणी पीत राहिले. जाणकार म्हणवणाऱ्या एकाने तसंच सांगितलं होतं. शेवटच्या टप्प्यात बोटं सुजून अंगठी रुतली, मळमळायला लागलं, आणि घराच्या फाटकाशी मला आमच्याच कुत्र्याचं नाव आठवेना. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, पाणी कमी पडलेलं नाही, मीठ पातळ झालंय. नंतर वाचलं की हा प्रकार मुळीच दुर्मीळ नाही. २००२ च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावकांचं रक्त तपासलं, तेव्हा १३ टक्के लोकांच्या रक्तातलं सोडियम धोक्याच्या रेषेखाली गेलेलं आढळलं. फार पाणी प्यायल्याने माणूस दगावूही शकतो, हे धावायला लागणाऱ्या प्रत्येकाला पहिल्याच दिवशी कुणीतरी सांगायला हवं. मला कुणी सांगितलं नाही, म्हणून इथे लिहून ठेवते.

त्यानंतर मी माझं औषध घरातच शोधलं. चेपणीचं तोर. आंबे कोवळे असताना तोडून मिठात घालून बरणीत वर दगड ठेवून चेपतात, ते. वर्षभराने ते तोर आजीच्या हातासारखं सुरकुततं, मऊ आणि गडद होतं. अंगठ्याने दाबलं की देठाकडून खारट पाणी येतं. एकेक तोर मी केळीच्या पानात गुंडाळून डब्यात भरलं. बाजारात मिळणाऱ्या क्षारांच्या गोळ्याही पिशवीत होत्या, नाही कशाला म्हणू. पण जिभेला हुशारी येते ती तोरानेच.

जानेवारीतल्या एका रविवारी पहाटे साडेतीनला निघाले. अभयारण्यातल्या पायवाटेसाठी वनखात्याकडे अर्ज करून परवानगी घेतली होती, आणि वाटेच्या माहितीचा सुर्ल्याचा माणूस सोबत येणार होता. नवरा स्कूटरवरून केरीला आणि मग वर सुर्ल्याला भेटणार होता. बाकी मी आणि कपाळावरचा दिवा.

रात्रीच्या त्या पहिल्या टप्प्याबद्दल सांगण्यासारखं थोडंच आहे. दिव्याच्या उजेडाचं एक ताटाएवढं वर्तुळ, त्यात आपले बूट, आणि बाजूला काजूच्या बागांचा काळोख. मोहराचा वास मधूनच यायचा. रातवा रस्त्यावर बसलेला असायचा, डोळे निखाऱ्यासारखे, अगदी पायाशी पोचल्यावर उडायचा. ठाणे कधी गेलं कळलंसुद्धा नाही. ज्या थांब्यावर तीन वर्षं उतरले, तो काळोखात शोधूनही दिसला नाही.

केरीला नवऱ्याने थर्मासमधली पेज दिली. अंजुणे धरणाचं पाणी नुकतं राखाडी होत होतं. तिथून घाट लागला आणि मी धावणं सोडून चालायला लागले. अल्ट्रात चढ चालतच चढायचा असतो. नव्या माणसाला यात कमीपणा वाटतो, पण चढावर धावून वाचवलेली पाच मिनिटं पुढच्या तासाभरात दुप्पट होऊन वसूल केली जातात. हात मांडीवर टेकवायचे, श्वास नाकातून, पावलं लहान. सूर्य वर आला तेव्हा वाघेरीचा माथा समोर उभा होता, आणि खालच्या दऱ्यांत धुकं असं साचलेलं की जणू कुणीतरी ताकाचं भांडं कलंडवलंय.

त्या उंचीवरून सगळी सत्तरी दिसते. सत्तर गावांची म्हणून सत्तरी. वाळपईजवळ नाणूसचा किल्ला आहे. २६ जानेवारी १८५२ रोजी सत्तरीच्या राणे घराण्यातल्या दीपाजींनी तो घेतला आणि पोर्तुगिजांविरुद्ध बंड उभं केलं. नंतरही राण्यांची बंडं होतच राहिली. पणजीतल्या राज्यकर्त्यांच्या लेखी हा मुलूख दुर्गम होता. राण्यांच्या माणसांचं ते अंगण होतं. घाट चढताना हे मनात सारखं येत होतं, कारण मीही तो शब्द तीन वर्षं वापरला होता. मुलाखतीत, अर्जात, बदली मागताना. 'दुर्गम भागात सेवा केली' असं मी लिहिलंय. त्या गावातल्या कुणी आपल्या गावाला दुर्गम म्हटल्याचं मात्र मला आठवत नाही. ते म्हणायचे, "वाळपय पयस आसा." वाळपई लांब आहे. लांब होती ती वाळपई, गाव आपल्या जागेवर होतं.

सुर्ल्याला पोचायला दहा वाजून गेले. तोवर पायांनी ओरडायला सुरुवात केली होती. उजव्या पायाच्या करंगळीला फोड आला होता, तो सुईने फोडून चिकटपट्टी लावली. एक तोर चोखलं. वाटाड्या दादा आधीच येऊन बसले होते. साठीच्या आसपासचे, अर्धी पँट, पायात रबरी चपला, कमरेला कोयती. माझ्या खाचांच्या बुटांकडे त्यांनी एकवार पाहिलं आणि काही न बोलता पुढे निघाले.

सडा ओलांडून वाट रानात शिरते तिथे उतार एकदम सुरू होतो. वर वाळलेली पानं आणि पानांखाली जांभ्याचे गोट्यांसारखे खडे. पाय टाकला की खडे गडगडतात आणि पानं त्यांना झाकून ठेवतात, त्यामुळे कुठे घसरणार हे घसरल्यावरच कळतं. दादांच्या चपला कधी घसरल्या नाहीत. ते पाय तिरका टाकायचे, टाच आधी कधीच नाही, आणि प्रत्येक पावलाआधी निमिषभर थांबल्यासारखे दिसायचे. मी दोनदा बुडावर आपटले. तिसऱ्यांदा त्यांनी मागे न पाहताच सांगितलं, "देंवतना घाय करची न्हय." उतरताना घाई करू नये.

पण मला घाई होती. मी बारा तास धरले होते, आणि हिशोब हातातून सुटत चालला होता.

वीसेक मिनिटांनी एका वळणावर दादा थांबले. तिथे दोन उभ्या चिऱ्यांवर एक आडवा चिरा होता, बाईच्या खांद्याएवढ्या उंचीचा, शेवाळाने काळा पडलेला. वरची कड मध्ये थोडी खोलगट झालेली, गुळगुळीत. त्यांनी कोयती काढून त्या चिऱ्यावर ठेवली, शेजारी टेकले आणि कमरेची पानाची पिशवी सोडली. मी घड्याळाकडे पाहत उभी राहिले. "दमलात काय?" मी विचारलं. ते म्हणाले, "हांगा रावपाचें आसता." इथे थांबायचं असतं.

ओझं टेकवायचा दगड तो. डोक्यावरचा भारा कुणाच्या मदतीशिवाय सरळ आडवा सरकवता यावा आणि पुन्हा तसाच डोक्यावर घेता यावा, म्हणून एवढ्या नेमक्या उंचीचा. दादांच्या डोक्यावर आज काही नव्हतं. कोयती सोडली तर हातातही काही नव्हतं. पण पान खाऊन होईपर्यंत ते उठले नाहीत. मी खोलगट कडेवर तळहात ठेवला. सावलीत असूनही तो चिरा उबदार वाटला. किती भारे सरकल्यावर जांभ्याला अशी खोल येत असेल, याचं गणित मला मांडता येईना.

दुसऱ्या दगडाशी त्यांनी मातीतला खूर दाखवला, गव्याचा, आदल्या रात्रीचा. मग आपणहून वाघाचा विषय काढला. म्हादई अभयारण्य १९९९ साली जाहीर झालं, २०८ चौरस किलोमीटरचं. तेव्हापासून या गावांतली माणसं आपण आता इथे कोण, हा प्रश्न उशाशी घेऊन झोपतात. २०२० च्या जानेवारीत याच पट्ट्यात एक वाघीण आणि तिचे तीन बछडे मेलेले सापडले. विषबाधा झाली होती. दादा एवढंच म्हणाले की ज्याची गाय जाते त्याला रडायला एक घर असतं, वाघिणीला तेही नव्हतं. मी काही बोलले नाही. अभयारण्य हवंच, असं मला मनापासून वाटतं. आणि या माणसांना न विचारता त्यांच्या रानाचे निर्णय होऊ नयेत, हेही तितकंच वाटतं. दोन्ही एकत्र कसं साधायचं ते मला ठाऊक नाही, पण दादांसारख्या माणसाच्या शेजारी त्या दगडाशी बसल्याखेरीज ते साधणार नाही, एवढं नक्की.

तिसऱ्या दगडाशी मी घड्याळ पाहिलं नाही. त्यांनी पान पुढे केलं, मी घेतलं. मांड्या थरथरत होत्या, त्या हळूहळू शांत झाल्या. खालून पाण्याचा आवाज यायला लागला होता. तो व्हाळ मी आवाजावरून ओळखला.

गावात पोचलो तेव्हा एक वाजला होता. शाळेच्या दाराला कुलूप होतं. पट कमी होत होत शाळा बंद पडली, मुलं आता खालच्या गावात जातात, गाडीने. ओसरीवर कुणीतरी सुपाऱ्या वाळत घातल्या होत्या. खिडकीच्या गजातून आत पाहिलं. फळा होता. त्याच्यावर काही लिहिलेलं नव्हतं, पाऊस गळून नुसत्या रेघा उमटल्या होत्या.

त्या मुलाचं घर शाळेच्या मागेच. तो वेर्ण्याला कंपनीत आहे, दोन मुलांचा बाप आहे. त्याची आई अंगणात होती. मला पाहून तिने कपाळावर आडवा हात धरला. "बाई? तुमी धांवत आयल्यात?" घामाने थबथबलेली, गुडघ्यापर्यंत माती माखलेली मास्तरीण वीस वर्षांनी रानातून बाहेर आली, याचं तिला फारसं आश्चर्य वाटलं नसावं, कारण दुसऱ्याच क्षणी ती आत गेली आणि "वायच पेज घेयात" म्हणत वाडगा घेऊन आली. उकड्या तांदळाची पेज, वर खोबऱ्याची कातळी, बाजूला तोर. माझ्या डब्यात होतं तसंच, पण तिचं जास्त जुनं, काळं. मी तीन वाडगे प्याले. पोटात मीठ उतरलं तसं डोळ्यांपुढचं धुरकटपण गेलं.

मी तिला मुलाच्या त्या प्रश्नाबद्दल सांगितलं. चडती काय देंवती. तिला तो प्रसंग ठाऊक नव्हता, ती खूप वेळ हसली. मग मी विचारलं, सुर्ल्याहून इथे किती अंतर म्हणायचं तुम्ही? किलोमीटर नव्हे, तुमच्या मोजणीने. तिने तीन बोटं वर केली. "तीन विसावे."

आणि चढताना?

चढताना पाच, ती म्हणाली. भारा जड असेल तर सहा. गरोदर बाई असेल तर ती सांगेल तितके.

वाट तीच, दगड तेच तीन. पण चढताना दोन दगडांमध्येही थांबायचं असतं, भारा एखाद्या बुंध्याला टेकवून, एकमेकींचा उतरवून. थांबणंच मोजायचं, चालणं त्याच्या मागून येतं. नेस्मिथने चढाचे तास मिळवले, लँगम्युरने उताराची मिनिटं. भारा आणि पोट या बायकांनी मिळवलं होतं, आणि हिशोब बोटांवर मावत होता. मी खिशातून कागद काढला. पहाटे त्यावर केरी, सुर्ला, गाव, वाळपई आणि पुढे वेळा असं लिहून घेतलं होतं. घामाने शाई उतरली होती. तो तसाच घडी करून ठेवला.

दादा तिथूनच परत फिरले. संध्याकाळपर्यंत वर पोचायचं होतं. पैसे घ्यायला त्यांनी आढेवेढे घेतले, तोर मात्र आनंदाने घेतलं.

उरलेले पंधरा किलोमीटर उन्हाचे होते. आता गावापर्यंत डांबर आलंय, व्हाळावर पूल आहे, तो फुगला म्हणून कुणाची शाळा बुडत नाही. धावता येईल तिथे धावले, बाकी चालले. डाव्या गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला सुई टोचल्यासारखं होत होतं, म्हणून उताराला मी दादांसारखा पाय तिरका टाकत होते.

ठाणे ओलांडल्यावर रस्त्याच्या कडेला गटाराला लागून एक आडवा चिरा दिसला. रस्ता रुंद करताना भर घातली असेल, त्यात दोन्ही उभे चिरे बुडालेले, वरचा कसाबसा गुडघ्याएवढा उरलेला. त्याच्यावर कुठल्यातरी मोबाइल कंपनीचा कागद चिकटवला होता. पहाटे काळोखात मी याच्या अंगावरून गेले असणार, आणि त्याआधी तीन वर्षं रोज दोनदा. खाली वाकून कड चाचपली. मध्ये खोल होती.

पाठीवरची पाण्याची पिशवी काढून मी त्या खोलगट जागेवर ठेवली आणि शेजारी बसले. वाळपईची बस आली, वेग कमी झाला, कंडक्टरने दारातून वाकून विचारलं, "बाई, येवपाचें?" मी हाताने नाही म्हटलं. बस धूळ उडवत गेली. पिशवीत एक तोर उरलं होतं. केळीचं पान सोडून ते मी सावकाश चोखलं, बाठा व्हाळाच्या बाजूला टाकला, आणि मग उठले.